काचपेटीच्या छपरासाठी लाकूड

घरातले लाकडी कपाट खोलीच्या हवेत राहते आणि त्या एका हवेशी जुळवून घेते. गच्चीवरचा बाक ऊन आणि पाऊस आळीपाळीने झेलतो. मासे ठेवण्याच्या काचपेटीवर बसवलेल्या लाकडी कॅनॉपीला, म्हणजे छपराला, मात्र दोन ऋतू एकाच वेळी सोसावे लागतात. तिच्या पोटाखाली २६-२७ अंश तापमानाचे पाणी रात्रंदिवस वाफ सोडत असते आणि तिच्या पाठीवर खोलीतली हवा असते, जी पुण्यात मे महिन्याच्या दुपारी घरातल्या घरात पापड वाळावेत इतकी कोरडी होते. पाऊण इंच जाडीच्या एकाच फळीची एक बाजू श्रावणात आणि दुसरी वैशाखात असते, आणि ही अवस्था सगळा उन्हाळाभर टिकते.

वखारीत गेल्यावर पहिला प्रश्न सहसा "पाण्याने कुजणार नाही ना?" असा विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. कुजण्याची क्रिया सावकाश चालते आणि तिच्यासाठी लाकूड दीर्घकाळ २० टक्क्यांहून अधिक ओलसर राहावे लागते. त्याच्या कितीतरी आधी फळी वाकते, पिळते, तिचे सांधे उघडतात आणि झाकण चौकटीत अडकून बसते. दुसरी बाब याहूनही महत्त्वाची आहे. कॅनॉपीच्या आतल्या बाजूवर जमलेला थेंब पुन्हा खाली, जिवंत प्राण्यांच्या पाण्यात पडतो आणि लाकडातले, गोंदातले, रंगातले जे काही त्याच्यात विरघळेल ते सोबत नेतो. ओल-सुकीत लाकूड किती हलते आणि त्याच्यातून पाण्यात काय उतरते, या दोन प्रश्नांनी माझी निवड ठरवली. रंग, रेषा आणि चकाकी यांचा विचार त्यानंतर केला.

माझी पेटी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण २४० लिटरची आहे. तिच्यात मलबार डॅनियो आहेत. सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांमधला हा चपळ मासा पृष्ठभागावर पडणारे कीटक टिपतो, त्यामुळे उडी मारणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे आणि उघड्या पेटीत त्याला ठेवणे म्हणजे त्याला जमिनीवर येण्याचे आमंत्रण देणे. 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा, अंगावर लाल आणि काळा पट्टा मिरवणारा बार्बही तसाच उसळी घेतो. त्याच्या प्रजातीला २०१३ साली सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' हे शास्त्रीय नाव मिळाले, याचा मला मनापासून आनंद होतो. अशा माशांना झाकण हवेच. शिवाय उन्हाळ्यात उघड्या पेटीतल्या पाण्याची पातळी दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर उतरते. या मापाच्या पेटीत ते दीड ते दोन लिटर पाणी होते, आणि कॅनॉपी बसवल्यावर त्याची वाफ तिच्या आतल्या अंगाला भेटून मगच बाहेर जाते.

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते, आणि त्याचा हा व्यवहार झाड तोडल्यावर शंभर वर्षांनीही थांबत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ती ६ टक्क्यांपर्यंत उतरते आणि ८५ टक्क्यांवर गेली की १८ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. ताज्या लाकडातले मोकळे पाणी निघून गेल्यावर, पेशींच्या भिंतींतली ओल २८ ते ३० टक्क्यांवरून खाली उतरू लागते, तेव्हापासून लाकूड आक्रसते. सागवान तिथून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या वळणाच्या दिशेने ५ ते ६ टक्के आक्रसते, वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या जेमतेम निम्मे आणि लांबीत जवळपास मुळीच नाही. हे आकडे वाचायला किरकोळ वाटतात, पण हिशेब मांडला की त्यांचे वजन कळते. एक फूट रुंदीची, वलये आडवी असलेली सागवानी फळी मे महिन्यातल्या ८ टक्क्यांपासून ऑगस्टमधल्या १६ टक्क्यांपर्यंत गेली, तर ती चार मिलिमीटरहून अधिक फुगते. सुतारांच्या मापात हे सव्वा ते दीड सूत झाले. तेवढे फुगलेले झाकण चौकटीत घट्ट बसते आणि ते उघडण्यासाठी लावलेला जोर शेवटी काचेवर येतो.

फळीच्या दोन बाजूंना वेगवेगळी ओल मिळाली की ओली बाजू रुंदावते, कोरडी बाजू तशीच राहते आणि फळीला बाक येतो. म्हणून लाकडाच्या जातीइतकेच महत्त्व ती फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे याला आहे. मी फळीच्या अंगावरच्या सुंदर रेषांआधी तिच्या टोकाकडे पाहतो. टोकाच्या कापावर वलये फळीच्या रुंद अंगाला जवळजवळ काटकोनात उभी दिसली, तर ती फळी कमी हलणार आणि हलली तरी सपाट राहणार. वलये धनुष्याच्या आकारात आडवी दिसली, तर ती कधी ना कधी वाकणार. डोंगरांच्या रांगांसारखी जी नक्षी गिऱ्हाइकांना मोहवते, ती नेमकी या दुसऱ्या प्रकारच्या फळीवर असते. उभ्या वलयांच्या फळीवर सरळ, समांतर, थोड्या अबोल रेषा असतात, आणि कॅनॉपीसाठी त्याच हव्यात. एकाच ओंडक्यातून निघालेल्या फळ्यांच्या थप्पीतही अशा फळ्या मोजक्या असतात, त्यामुळे वखारीत थप्पी उलगडून पाहू देणारा माणूस भेटणे फार मोलाचे ठरते.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये असा माणूस मला भेटला. सागवान म्हटल्यावर तिथे आधी 'सीपी'चे, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातले लाकूड दाखवतात. इंग्रजी अमदानीतले ते नाव लाकडाच्या बाजारात अजून चालते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे, बल्लारशाच्या डेपोतून लिलावात सुटलेले हे सागवान गडद असते, अंगाने किंचित तेलकट लागते आणि ताजे रंधले की चामड्यासारखा वास देते. त्याच्या बाजूला परदेशातून आलेले सागवान रचलेले असते. ब्रह्मदेशाने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर लागवडीतल्या सागवानाचे महत्त्व वाढले, आणि आफ्रिका व मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचे ओंडके आपल्या बंदरांवर उतरतात. ते लाकूड वाईट असते असे मी म्हणणार नाही, पण झाडे कोवळी तोडलेली असल्याने त्यांत गाभा कमी आणि सालीलगतचा पांढरा भाग जास्त असतो.

"काका, या फळीची ही पांढरी कड ठेवली तर चालेल का?" असे मी विचारले. "दाराच्या चौकटीला आम्ही देतो, रंगात लपून जाते," ते म्हणाले, "पण तुमच्याकडे खाली पाणी आहे. पांढरे काढूनच घ्या. वजन गेले तरी चालेल, पैसे मी गाभ्याचेच धरतो." हा सल्ला शास्त्रालाही धरून होता. वाळवी आणि बुरशी यांना दूर ठेवणारी द्रव्ये सागवानाच्या गाभ्यात साठलेली असतात. पांढऱ्या भागात ती जवळजवळ नसतात, आणि त्या भागापुरते सागवान हे कोणत्याही साध्या लाकडासारखेच असते.

सागवानाची ही कीर्ती काही दुकानदारांनी वाढवलेली नाही. १८१७ साली मुंबईच्या वाडिया गोदीत 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारच्या सागवानात बांधली गेली आणि ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. जहाजाची फळी आणि कॅनॉपीची फळी यांची अवस्था तत्त्वतः एकच असते: एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वारा. युरोपातल्या जहाजबांधणीत वापरला जाणारा ओक ओलाव्यात लोखंडी खिळ्यांना खातो, कारण त्यात आम्ल आणि टॅनिन भरपूर असते. सागवान आपल्या तेलामुळे खिळ्याला सांभाळून घेते. दोनशे वर्षे टिकलेल्या त्या नौकेची मला फार मोठी आस्था आहे, आणि मुंबईच्या कारागिरांची ती कामगिरी आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

असे असूनही संपूर्ण कॅनॉपी सागवानाची करावी, असे मला वाटले नाही, आणि याचे कारण वजन हे आहे. चार फुटी पेटीसाठी आठ इंच उंचीची, चारही बाजूंनी आणि वरून बंद असलेली कॅनॉपी १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्यांत केली तर तिला जवळपास सव्वा चौरस मीटर लाकूड लागते. सागवानात तिचे वजन १४ किलोच्या आसपास भरते आणि शिसवीत १७ किलोच्या पुढे जाते. काच उभ्या दिशेने हा भार सहज पेलते. अडचण माणसाची होते, कारण दिवे दुरुस्त करायला किंवा पेटी धुवायला ही पेटीवरची पेटी एकट्याने उचलताना तिचा एक कोपरा काचेच्या कडेवर आदळला तर कडेचा टवका उडतो.

म्हणून मी शिवणीकडे वळलो. दशमुळांपैकी एक म्हणून आयुर्वेदात शिवणीचा मान मोठा आहे, पण तिच्या लाकडाची कदर त्या मानाने शहरात होत नाही. कोकणात आणि विदर्भात ते जाणकारांच्या हाती असते. रंगाने फिकट, गवताच्या काडीसारखे पिवळसर, घनमीटरला साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचे, म्हणजे सागवानापेक्षा पाव हिश्शाने हलके, आणि तरीही ओल-सुकीत अतिशय शांत. वाद्ये, कोरीवकाम आणि चौकटी यांसाठी ते पूर्वीपासून निवडले गेले ते याच गुणामुळे. रंध्याखाली त्याची ढलपी रेशमी निघते, त्याला उग्र वास नाही, त्यात राळ नाही. बाजारात ते मागितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मग मागच्या बाजूच्या थप्पीकडे नेतो आणि फळ्या दाखवताना त्याचा चेहरा खुलतो. आपल्या प्रदेशातल्या लाकडांविषयीचे हे ज्ञान अजून माणसांमध्ये जिवंत आहे, ते विचारणारे कमी झाले आहेत. रुंद पॅनेलसाठी मला शिवणीपेक्षा चांगले लाकूड सुचवता येणार नाही.

बाकीच्या लाकडांविषयी थोडक्यात सांगतो. आंबा स्वस्त आणि हलका असतो, पण ओलाव्यात त्याला बुरशीचे निळे-काळे डाग पडतात आणि भुंगेरे त्याला फार लवकर शोधून काढतात. ऐन हा वृक्ष तुळईला उत्तम. पातळ फळीत मात्र सुकताना तडकतो. बाभूळ नांगराला आणि गाडीच्या चाकाला योग्य आहे, काचेवर नाही. शिसवी सुंदर आहे, तिच्याबद्दल तक्रार वजनाची आणि किमतीची. रबराच्या झाडाचे लाकूड जोडफळ्यांच्या रूपात सगळीकडे मिळते, चीक देणे संपलेल्या झाडांचा तो चांगला उपयोगही आहे, पण मुळात कीड आणि बुरशी यांना बळी पडणारे असल्याने ते बोरॉनच्या क्षारांत मुरवून विकले जाते आणि ओलाव्यात ठेवण्यासाठी ते नाही. देवदाराचा सुगंध देवघरात हवाहवासा वाटतो; त्याच सुगंधी तेलाने कीटक दूर पळतात, त्यामुळे बंद हवेत, पाण्यावर, मी ते कधीही वापरणार नाही. पाइन अनेकजण वापरतात, कारण ते रंधायला सोपे आणि खिशाला परवडणारे असते. त्याच्या गाठींमधून दिव्यांच्या उबेने राळ पाझरू शकते, तेव्हा गाठी नसलेल्या फळ्या निवडाव्यात. परदेशी मालाच्या खोक्यांचे पाइन कोणी घेणार असेल तर त्यावरचा शिक्का आधी वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने शुद्ध केलेले, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घराबाहेरच राहू द्यावे.

आता प्लायवूडविषयी, आणि इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण पेटीसाठी लाकूड मागायला गेलेल्या दहापैकी नऊ लोकांना "मरीन प्लाय घ्या" असाच सल्ला मिळतो. मापाच्या स्थिरतेबाबत हा सल्ला अगदी बरोबर आहे. एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवलेल्या पापुद्र्यांमुळे प्लाय रुंदीत जवळजवळ हलत नाही, आणि आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा प्लाय फिनॉलच्या राळेने जोडलेला असल्याने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी अट असते. मात्र त्याच मानकात त्या प्लायला वाळवी आणि बुरशी यांपासून संरक्षण देणारी द्रव्ये मुरवणेही अपेक्षित असते. या द्रव्यांमध्ये तांब्याचे क्षार असू शकतात, आणि गोंदाच्या थरात कीटकनाशक मिसळण्याची पद्धतही आपल्याकडे प्रचलित आहे. माणसाच्या कपाटासाठी हे सगळे उपयोगी आहे. पाण्यातल्या जिवांसाठी ते विष आहे. तांबे गोगलगायींना आणि कोळंब्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते; पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके, जी माणसांना तुलनेने सौम्य म्हणून निवडली जातात, ती माशांना अतिशय घातक असतात.

प्लायच्या सपाट अंगातून काही उतरण्याची शक्यता कमी असते. धोका त्याच्या कापलेल्या कडांचा आहे, कारण तिथे थरांची टोके उघडी पडतात आणि ओल तिथूनच आत-बाहेर करते. प्लाय वापरणाऱ्याने प्रत्येक कड, प्रत्येक भोक, तारेसाठी पाडलेली प्रत्येक खाच एपॉक्सीने बंद केली, आणि पेटीवर कॅनॉपीच्या खाली चार-पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे आडवे झाकण ठेवले, तर प्लायची कॅनॉपी वर्षानुवर्षे निर्धोक चालू शकते. वाफेचे काचेवरच पाणी होते आणि थेंब काचेवरूनच परततो. हे काचेचे झाकण मी घन लाकडाच्या कॅनॉपीखालीही ठेवतो. तरीसुद्धा माझ्या पेटीच्या काचांवर गोगलगायी आहेत, आणि ज्या फळीत काय मुरवले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, ती फळी मला त्यांच्या डोक्यावर नको होती. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, विचार करण्याची गरज नाही. एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगून येतात.

चौकटीसाठी सागवान आणि पॅनेलसाठी शिवण, हे ठरल्यावर वखारीतल्या काकांनीच विचारले, "जुने चालेल का? कसब्यातला एक वाडा उतरवला आहे, त्याचा कडीपाट आला आहे." पुण्यातले वाडे पडत आहेत, हे पाहताना मला यातना होतात, आणि त्या लाकडाची विक्री हा त्या पडझडीचाच एक भाग आहे, याचीही मला जाणीव आहे. पण ते लाकूड जळणात जाण्याऐवजी कोणाच्या तरी घरात पुन्हा उभे राहावे, असे मला ठामपणे वाटते. कडीपाटाच्या, म्हणजे जुन्या लाकडी छताच्या, त्या फळ्या इंचभर जाडीच्या होत्या. वरच्या बाजूला मातीचा थर घट्ट बसलेला, खालच्या बाजूला चुलीच्या धुराने आलेला काळसरपणा आणि त्यावर कधीतरी दिलेला हिरवट तैलरंग. माती ब्रशने झटकून टोकाचा पातळ काप घेतला, तेव्हा आत वलये इतकी दाट दिसली की आजच्या लागवडीच्या सागवानात तशी शोधूनही सापडत नाहीत. जंगलात सावकाश वाढलेले ते झाड होते, आणि चिरल्यानंतर कित्येक पावसाळे आणि उन्हाळे त्या फळ्यांनी छताखाली अनुभवले होते. ज्या फळीला वाकायचे होते ती केव्हाच वाकून गेलेली होती. जी सपाट उरली ती सपाट राहील, असा विश्वास ठेवायला जागा होती.

जुने लाकूड घेताना मात्र सावधगिरी बाळगावी लागते. त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात आणि मातीचे कण रंध्याचे पाते खाऊन टाकतात, म्हणून आधी तारेच्या ब्रशने घासून, चुंबक फिरवून, मगच पाते लावावे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता धरावीच लागते. तो रंग कोरडाच काचकागदाने घासला तर त्याची धूळ घरभर आणि पर्यायाने पाण्यातही जाते. मी मिस्त्रींना सांगून तो रंगाचा थर ओला करून, पटाशीने खरवडून, कार्यशाळेतच वेगळा काढवला, आणि त्याचा चुरा घरी येऊ दिला नाही. पोकळ आवाज देणाऱ्या फळ्या नाकाराव्यात. बोटाच्या सांध्याने फळीवर ठोकत गेले की वाळवीने आतून खाल्लेली जागा कानाला कळते.

चौकट आणि पॅनेल मिळून कच्चे लाकूड सव्वा ते दीड घनफूट लागते. आणलेल्या फळ्या लगेच कापू नयेत. मी त्या ज्या खोलीत पेटी आहे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या आणि मधूनमधून एकच फळी काट्यावर ठेवून तिचे वजन पाहिले. वजन बदलायचे थांबले की लाकूड त्या खोलीत रुळले, असे समजावे. ओल मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र असेल तर उत्तमच, पण साध्या काट्याने हे काम बिनचूक होते.

बांधणीचे बहुतेक निर्णय लाकडाच्या निवडीतूनच येतात. चौकट सागवानाच्या दोन इंची पट्ट्यांची, कारण लांबीत लाकूड हलत नाही आणि त्यामुळे चौकटीचे बाहेरचे माप ऋतूंबरोबर बदलत नाही. तिच्या आतल्या कडेला खाच, आणि खाचेत शिवणीचे पातळ पॅनेल, गोंद न लावता, नुसते ठेवलेले, की ते आत-बाहेर सरकत राहील. जुन्या घरांच्या दारांमध्ये हीच युक्ती आहे. सांध्यांना गोंद लावण्याआधी सागवानाचा पृष्ठभाग थिनरने पुसावा लागतो, नाहीतर त्याचे तेल गोंदाला धरू देत नाही. वरच्या झाकणाचे मी दोन भाग केले, मागची बाजू दिव्यांच्या तारा आणि हवा यांच्यासाठी बरीचशी मोकळी ठेवली, आणि सगळी कॅनॉपी दहा किलोच्या आत राहिली. बिजागऱ्या पितळेच्या शोभल्या असत्या, पण पितळेत तांबे असते. म्हणून बिजागऱ्या आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस स्टीलचे घेतले.

लेपाच्या थरांत आत-बाहेर भेद करू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आतल्या बाजूला जाड थर आणि बाहेर नुसते तेल, असे केल्याने दोन बाजूंच्या ओलीतला फरक वाढतो. आत एपॉक्सीचे दोन हात, बाहेर तेवढेच थर पीयूचे (पॉलियुरेथेनचे), आणि फळ्यांच्या टोकांना एक हात जास्त, कारण टोकाकडून लाकूड इतर अंगांपेक्षा कितीतरी पटीने वेगाने पाणी ओढते. चपड्याचे फ्रेंच पॉलिश मला फार आवडते, पण ते वाफेने पांढरे पडते. बुरशीरोधक म्हणून विकले जाणारे रंग टाळावेत. बुरशीला मारणारे द्रव्य पाण्यातल्या जिवांवरही परिणाम करू शकते. लेप हाताला कोरडा लागल्यावरही तीन-चार आठवडे, जवळ नाक नेल्यावर वास येईनासा होईपर्यंत, कॅनॉपी पेटीवर चढवू नये.

ही निवड पुण्याच्या हवेसाठीची आहे, हे लक्षात ठेवायला हवे. रत्नागिरीतल्या एका स्नेह्यांना मी फणस सुचवला. तिथे हवा जास्त ओली असली तरी वर्षभरातला चढ-उतार कमी असतो, फणसाचा गाभा वाळवीला दाद देत नाही आणि चांगला मुरलेला फणस तिथे जाणत्या माणसाकडून घेता येतो. मात्र त्यात पिवळे रंगद्रव्य असते, बौद्ध भिक्खूंची वस्त्रे ज्याने रंगवली जात ते हेच, त्यामुळे आतली बाजू विशेष काळजीने बंद करावी लागते. नागपूरला उलट परिस्थिती असते. तिथे उन्हाळा आणि पावसाळा यांतले अंतर फार मोठे असल्याने पॅनेलला खाचेत अधिक जागा सोडावी लागते. आणि गाव कोणतेही असले तरी काम कोणत्या महिन्यात चालले आहे ते पाहावे. मे महिन्यात बांधत असाल तर पॅनेल खाचेत सैल ठेवा, कारण ते फुगणार आहे. ऑगस्टमध्ये बांधत असाल तर खाच खोल घ्या आणि पॅनेल तिच्यात पुरेसे आत जाऊ द्या, कारण ते आक्रसणार आहे. दोन्ही वेळी पॅनेलच्या कडांना लेप चौकटीत बसवण्याआधीच द्या, नाहीतर उन्हाळ्यात पॅनेल आक्रसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते आणि पुढच्या पावसाळ्याची ओल नेमकी तिथून आत शिरते.